गाडीतला आवाज रस्त्याचे नाव घेतो का?

नवी गाडी पाहायला गेलेल्या कुटुंबाला शोरूममधला विक्रेता आता इंजिनाच्या आधी पडदा दाखवतो. ‘यात नकाशा आहे, साहेब, आणि तो बोलतोसुद्धा!’ बटण दाबताच एक गोड आवाज सांगतो, ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’ मुले खूश होतात, आजीला कौतुक वाटते आणि घरातली कर्ती मंडळी मायलेज आणि हप्त्यांच्या हिशेबाकडे वळतात. बोलतो म्हणजे नेमके काय बोलतो, हे विचारायचे मात्र राहूनच जाते.

खरे तर ‘डावीकडे वळा’ असे सांगणारा आवाज आणि ‘डावीकडे टिळक रोडवर वळा’ असे सांगणारा आवाज यांत मोठाच फरक आहे. मोकळ्या रस्त्यावर तो जाणवणार नाही. पण शंभर पावलांत तीन गल्ल्या डावीकडे फुटत असतील, तर पहिला आवाज चालकाला अर्ध्या वाटेत सोडून देतो. यातली नेमकी कोणती गल्ली? मग मान पडद्याकडे वळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर गाडी ३३ मीटर जणू डोळे मिटून धावली. तेवढ्यात एखादे पोर चेंडूमागे रस्त्यावर आलेले असू शकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाड्या बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गाडीतले कोणतेही यंत्र हाताळताना चालकाची एक नजर दोन सेकंदांहून जास्त काळ रस्त्यावरून हटू नये आणि सगळे काम मिळून बारा सेकंदांत आटोपावे, असे त्यांत म्हटले आहे. रस्त्याचे नाव कानावर पडणे ही म्हणूनच नुसती हौसेची गोष्ट नव्हे. कान काम करतात, तेव्हा डोळे रस्त्यावर राहतात.

उपग्रहाला टिळक रोड माहीत नसतो

पुष्कळांची समजूत अशी असते की, नाव सांगण्याचे काम उपग्रह करतात. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फक्त अचूक वेळ व स्वतःची जागा यांचे संदेश पाठवत राहतात. गाडीतले यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपण कुठे आहोत याचे गणित मांडते. ही व्यवस्था अमेरिकी लष्कराची. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली आणि त्यानंतर गाडीतली यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली.

म्हणजे उपग्रहांमुळे फक्त जागा कळते. त्या जागेवरून जाणाऱ्या रस्त्याचे नाव काय, हे यंत्रातला नकाशा सांगतो. आणि ते नाव उच्चारायचे काम आवाजाचे. या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. जागा अचूक असूनही नाव चुकीचे असू शकते आणि नाव बरोबर असूनही उच्चार भलताच होऊ शकतो. खरेदी करताना तिन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात त्या यामुळेच.

आवाज दोन प्रकारचे

पहिला प्रकार म्हणजे माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली वाक्ये. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘सरळ जा’, ‘आपण पोहोचलात’ अशी काही मोजकी वाक्ये आणि अंतराचे आकडे एकदा बोलून ठेवले की यंत्र ते हवे तसे जोडते. ऐकायला हा आवाज अगदी नैसर्गिक वाटतो. टॉमटॉम या डच कंपनीने तर विनोदी नट जॉन क्लीझ याच्या आवाजातही अशा सूचना दिल्या होत्या. पण देशातल्या लाखो रस्त्यांची नावे कोणी बोलून ठेवू शकत नाही. म्हणून असा आवाज रस्त्याचे नाव घेतच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लिहिलेला मजकूर वाचून दाखवणारा आवाज. याला इंग्रजीत ‘टेक्स्ट टू स्पीच’ किंवा थोडक्यात ‘टीटीएस’ म्हणतात. यातही मुळात माणूसच असतो. न्यूयॉर्कला राहणाऱ्या कॅरन जेकबसन या ऑस्ट्रेलियन गायिकेने २००२ च्या सुमारास तासन्‌तास वाक्ये वाचून दिली. त्यांच्या आवाजाचे बारीक तुकडे करून संगणकाने नवे शब्द घडवले आणि पुढे ‘जीपीएस गर्ल’ अशीच त्यांची ओळख झाली. नव्या यंत्रांत हेच काम आणखी सफाईने होते. या आवाजात क्वचित यांत्रिकपणा जाणवतो. पण नकाशात जे नाव लिहिलेले असेल ते तो वाचू शकतो.

म्हणून गोड आवाजाला भुलू नये. सगळ्यांत गोड वाटणारा आवाज नेमका नाव न घेणारा असू शकतो.

खोक्यावर काय लिहिले आहे?

काचेवर चिकटवायची स्वतंत्र यंत्रे अमेरिकेत आणि युरोपात घरोघरी पोहोचली, तेव्हा ग्राहकांची फसगत इथेच होत असे. खोक्यावर ‘व्हॉइस गाइडन्स’ असे लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ यंत्र बोलते इतकाच. ‘स्पोकन स्ट्रीट नेम्स’ किंवा ‘टेक्स्ट टू स्पीच’ असे लिहिलेले असले, तरच ते रस्त्याचे नाव घेते. दिसायला सारखी असणारी दोन यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असत आणि स्वस्त यंत्रात नेमकी हीच सोय नसे.

यंत्रात सोय असूनही ती बंद राहण्याची शक्यता असते. गार्मिनच्या यंत्रांत आवाजांच्या यादीत नुसती भाषा लिहिलेली असली तर तो ध्वनिमुद्रित आवाज. भाषेपुढे ‘जिल’, ‘जॅक’, ‘डॅनियल’ असे माणसाचे नाव असले तर तो नाव वाचणारा. टॉमटॉमच्या यंत्रांत ‘संगणकाचा आवाज’ निवडावा लागतो आणि रस्त्यांची नावे, रस्त्यांचे क्रमांक, पाट्यांवरचा मजकूर, परभाषेतली नावे यांतले काय काय वाचायचे, हे खुणा करून ठरवता येते. ‘आमचे यंत्र मुकेच निघाले’ अशी तक्रार करण्यापूर्वी ही यादी एकदा उघडून पाहावी.

आता बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेच्या साहाय्याने मोबाइलमधला नकाशा गाडीच्या पडद्यावर आणता येतो. तिथेही गाडीचा स्वतःचा नकाशा वेगळा, मोबाइलचा वेगळा आणि दोघांचे आवाजही वेगळे. विक्रेता दाखवतो तो आवाज यांतला कोणाचा, हे विचारून घ्यावे.

‘डॉ.’ म्हणजे डॉक्टर की ड्राइव्ह?

रस्त्याचे नाव वाचणे हे वाटते तितके सोपे काम नाही. इंग्रजी पाट्यांवर ‘एसटी’ ही दोन अक्षरे कधी ‘स्ट्रीट’ असतात, तर कधी ‘सेंट’. ‘डीआर’ ही अक्षरे अमेरिकेत बहुधा ‘ड्राइव्ह’ या अर्थाने येतात. मुंबईत मात्र तीच अक्षरे डॉ. ॲनी बेझंट रोडच्या सुरुवातीला ‘डॉक्टर’ म्हणून बसलेली असतात. परदेशी वळणाचा आवाज इथे गडबडला तर नवल नाही.

परदेशातही उच्चारांचे हाल कमी नाहीत. न्यूयॉर्कमधल्या एका रस्त्याचे आणि टेक्सासमधल्या मोठ्या शहराचे स्पेलिंग एकच आहे. पण शहर ‘ह्यूस्टन’ आणि रस्ता ‘हाउस्टन’. कॅलिफोर्नियातल्या ‘ला होया’ या गावाचे स्पेलिंग वाचून कोणीही ‘ला जोला’ म्हणेल. लंडनमधल्या ‘लेस्टर’ चौकाच्या नावात निम्मी अक्षरे नुसती शोभेला असतात. म्हणून नकाशे बनवणाऱ्या कंपन्या नावाबरोबर त्याचा उच्चारही खास ध्वनिलिपीत साठवतात. जिथे असा उच्चार साठवलेला असतो तिथे यंत्र बरोबर बोलते. नसतो तिथे अक्षरांवरून अंदाज बांधते.

अंदाज बांधणाऱ्या इंग्रजी आवाजाच्या हाती रोमन लिपीतली मराठी नावे पडली की मग गंमत येते. ठाण्याचे ‘थेन’ होते. साने गुरुजी मार्गावर ‘सेन गुरुजी’ अवतरतात. गोखल्यांचे ‘गोखेल’ आणि काळ्यांचे ‘केल’ होते. रोमन लिपीत न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यामुळे अंदाज चुकण्याला भरपूर वाव असतो. गावाच्या नावापुढचे बुद्रुक आणि खुर्द नकाशात आखडून लिहिलेले असले, तर आवाज त्यांची नुसती इंग्रजी अक्षरे वाचून मोकळा होतो. नवख्या चालकाला त्यातून काय बोध व्हावा?

यावर साधा उपाय म्हणजे भाषा बदलून पाहणे. ‘इंग्रजी (अमेरिका)’ ऐवजी ‘इंग्रजी (भारत)’ निवडली की पुष्कळ नावे ओळखू येतात. मराठी किंवा हिंदी आवाज असला तर तोही ऐकून पाहावा. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नकाशावरची ठिकाणांची रोमन लिपीतली नावे मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिपींत आपोआप उतरवण्याची सोय जाहीर केली. त्यामुळे पडद्यावरची नावे वाचणे सोपे झाले. आवाज मात्र प्रत्येकाने आपल्या कानांनीच पारखायला हवा.

पाटीवर एक, तोंडी दुसरे

नाव वाचणारे यंत्र ज्या देशांत वाढले, तिथे चौकाचौकात मोठ्या अक्षरांत रस्त्याच्या नावाची पाटी असते. कानावर पडलेले नाव पाटीवर दिसले की वळायचे, असा साधा मामला. तरी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ‘पीचट्री’ हा शब्द असलेले रस्ते डझनांनी आहेत आणि ‘पीचट्री स्ट्रीट’ व ‘वेस्ट पीचट्री स्ट्रीट’ हे दोन वेगळे रस्ते आहेत. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाऊन भाड्याची गाडी चालवणाऱ्यांनी तिथे पूर्ण नाव वाचणारा आवाजच लावावा. अर्धे नाव ऐकून वळणारा हमखास चुकतो.

आपल्याकडे पुष्कळ रस्त्यांना दोन नावे असतात. मुंबईचा पेडर रोड कागदोपत्री डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे आणि वॉर्डन रोड भुलाभाई देसाई मार्ग. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्याचे अधिकृत नाव गोपाळ कृष्ण गोखले यांचे आहे. चेन्नईचा माउंट रोड आता अण्णा सालै. दिल्लीत औरंगजेब रोडचे नाव २०१५ मध्ये, रेस कोर्स रोडचे २०१६ मध्ये आणि राजपथाचे २०२२ मध्ये बदलले. यंत्र यांतले कोणते नाव घेते, हे त्याचा नकाशा किती ताजा आहे आणि तो कोणी बनवला यावर अवलंबून असते.

क्रमांकांचेही तसेच. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्याने ठरवले गेले. मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला आणि पुणे-बंगळूर रस्ता ४ चा ४८ झाला. वडीलधारी माणसे अजून ‘एनएच फोर’ म्हणतात आणि यंत्र ‘एनएच अठ्ठेचाळीस’ म्हणते. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या वाटेवरच्या महामार्गाचा नवा क्रमांक पाहून ठेवला, तर ऐन फाट्यावर गोंधळ होत नाही. बंगळूरसारख्या शहरात मात्र ‘क्रॉस’ आणि ‘मेन’ यांना क्रमांकच दिलेले असल्यामुळे बोलणारे यंत्र बरेच उपयोगी पडते.

आणि जिथे नावही नाही, पाटीही नाही? तिथे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो तेच: ‘मारुतीच्या देवळापुढून डावीकडे, मग पेट्रोल पंप लागेल.’ गूगलने २००९ मध्ये भारतातल्या आपल्या नकाशात अशा खुणांवरून वाट सांगायला सुरुवात केली, ती यामुळेच. जुलै २०२४ मध्ये याच नकाशात देशातल्या ४० शहरांसाठी उड्डाणपूल घ्यायचा की खालून जायचे, हे सांगण्याची सोय जाहीर झाली. पुलावरची गाडी आणि पुलाखालची गाडी नकाशावर एकाच ठिकाणी दिसते. त्यामुळे ही सूचना कधी कधी रस्त्याच्या नावापेक्षाही मोलाची ठरते.

पैसे देण्यापूर्वी

शोरूममध्ये दाखवतात तो नमुना ठरलेल्या वाटेचा असतो. त्याऐवजी पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्यात.

१. चाचणीसाठी गाडी बाहेर काढाल तेव्हा आपल्या घराचा पत्ता घालावा. स्वतःच्या गल्लीचे नाव यंत्र कसे उच्चारते, हे ऐकले की निम्मी परीक्षा झाली.

२. एक आडनावाचा रस्ता, एक ‘डॉ.’ने सुरू होणारा रस्ता आणि एक महामार्गाचा क्रमांक, अशी तीन नावे वाचायला लावावीत.

३. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आवाज ऐकावा. आवाज सुंदर असण्यापेक्षा पटकन समजणारा असावा. ज्येष्ठांना ऐकू कमी येत असेल, तर हे अधिकच महत्त्वाचे.

४. खिडक्या उघड्या ठेवून भर रहदारीत ऐकावे. सूचना येताना गाणी आपोआप हळू होतात का, फोन चालू असताना सूचना ऐकू येते का, तेही पाहावे.

५. सूचना किती आधी येते, हे पाहावे. वळण ओलांडल्यावर घेतलेल्या नावाचा काय उपयोग? एकदा दुरून आणि एकदा वळणाजवळ, अशी दोनदा सूचना येणे चांगले.

६. मोबाइलचे इंटरनेट बंद करून पाहावे. घाटात आणि आडरानात नेटवर्क जाते. तेव्हाही नाव वाचले जाते की नुसते ‘डावीकडे-उजवीकडे’ उरते, हे आधी कळलेले बरे. त्या भागाचा नकाशा आणि आवाज घरून निघतानाच उतरवून घेता येतो.

७. गाडीतला नकाशा किती वर्षे फुकट ताजा करून मिळेल आणि नंतर किती पैसे पडतील, हे लेखी घ्यावे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये आणि अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. जुना नकाशा जुनीच नावे सांगत राहील.

ऐकावे, पण आंधळेपणाने नव्हे

नाव ऐकण्याचा आणखी एक फायदा निघण्यापूर्वीच मिळतो. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपे इटलीतल्या काप्री या प्रसिद्ध बेटावर निघाले होते. यंत्रात दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते शेकडो किलोमीटर दूर, उत्तरेकडच्या कार्पी या औद्योगिक गावात जाऊन पोहोचले. आपल्याकडे पुण्याच्या आसपासच वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव मावळही. म्हणून ठिकाण घातल्यावर यंत्राने दाखवलेले पूर्ण नाव आणि अंतर शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचावे. ज्यांच्याकडे जायचे, त्यांनाही एक फोन करावा.

यंत्राच्या भरवशाला मर्यादा आहे, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्या देशाला कळले. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा जीव गेला. नकाशाने दाखवलेल्या वाटेने ते गेले होते, अशी वृत्ते आली. नकाशात रस्ता होता. पुढे पूल नव्हता. आवाजाने नाव कितीही स्पष्ट घेतले, तरी समोरचा रस्ता पाहण्याचे काम चालकाचेच. रात्रीच्या वेळी, पावसाळ्यात किंवा अनोळखी वाटेवर शंका आली तर वेग कमी करावा, थांबावे आणि टपरीवरच्या माणसाला विचारावे. त्यात कमीपणा नाही.

कायदाही हेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त वाट पाहण्यासाठी करता येतो आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे पत्ता घालायचा तो गाडी उभी असताना, मोबाइल ठेवायचा तो स्टँडवर आणि सूचना घ्यायची ती कानाने.

या कानाच्या सोयीसाठी दर वेळी जास्त पैसे मोजावे लागतातच असे नाही. बहुतेक मोबाइलमध्ये ती आधीच असते. फक्त योग्य आवाज आणि योग्य भाषा निवडायची राहिलेली असते. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून दहा मिनिटे त्यासाठी द्यावीत. आणि नवी गाडी घ्यायची असेल, तर पडदा किती इंची आहे हे विचारण्याआधी विक्रेत्याला एवढेच म्हणावे: ‘जरा आमच्या गल्लीचे नाव घ्यायला सांगा हो त्याला!’